वादळ मलकापुरात पोचलं तेव्हा

३१ मे २०२०, रविवार. वादळाला अजून नाव नाही

अरबी समुद्राच्या आग्नेय भागात, लक्षद्वीपच्या बाजूला, कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याचं हवामान खात्यानं सांगितलं, त्या दिवशी आमच्या मलकापुरात ती बातमी वाचायला कुणाला सवड नव्हती. टाळेबंदीला दोन महिने उलटून गेले होते. कापूस घरात पडून होता, खरेदी केंद्रावर नाव लागलं होतं, पण जिनिंगपुढची गाड्यांची रांग सरकत नव्हती. शेतकऱ्याचं मोठं विचित्र झालं होतं. कापूस भिजेल म्हणून पाऊस नको, आणि मृग तोंडावर आला म्हणून पाऊस हवाही.

बुलढाणा जिल्ह्याला अंदाजाचं वावडं नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. अठरा धान्यांचं रिंगण, मधे खड्डा, खड्ड्यात चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर आणि घागरीवर पापड, कुरडई, पुरी. दुसऱ्या दिवशी पहाटे कुठलं ढेकूळ किती भिजलं ते बघून पावसाचे चार महिने सांगतात. चंद्रभान महाराज वाघांनी सुरू केलेली ही प्रथा तीनशे वर्षांहून जुनी मानतात, आणि विज्ञानाचे पदवीधरसुद्धा त्या सकाळी मोबाईलवर भेंडवळचं भाकीत शोधतात. मीही शोधतो. पण ढेकळं चारच असतात आणि चारही पावसाची. वाऱ्याचं ढेकूळ तिथं नाही. आम्हाला कधी लागलंच नाही.

१ जून, पहाटे ५.३०. वादळ जमिनीवर यायला पंचावन्न तास

कमी दाबाच्या क्षेत्राचं डिप्रेशन झालं. त्याच दिवशी मान्सून केरळात दाखल झाल्याची घोषणा झाली, आणि आमच्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन्ही बातम्या एकाच आनंदानं फिरल्या. ‘पाणी येऊन रायलं’ एवढाच त्यांचा अर्थ आम्ही काढला.

समुद्राचं पाणी तेव्हा तीस-एकतीस अंशांपर्यंत तापलेलं होतं. साडेसव्वीस अंशांच्या वर गेलेलं पाणी म्हणजे चक्रीवादळाची शिदोरी. त्या पाण्याची वाफ वर जाते, तिथं तिचं पुन्हा पाणी होताना उष्णता सुटते, त्या उष्णतेनं हवा आणखी वर उचलली जाते आणि खालची रिकामी जागा भरायला चहूबाजूंनी वारा धावतो. पृथ्वी फिरते म्हणून तो सरळ न जाता गोल फिरतो. कढई चुलीवर आहे तोवर हे चालतं. कढई उतरवली, म्हणजे वादळ जमिनीवर आलं, की ते निवायला लागतं. कुठवर जाऊन निवेल, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नव्हता.

माझ्या मनात आला तो मावसभाऊ. तो रायगड जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. कोकणातल्या शाळांवर विदर्भ-मराठवाड्याची कितीतरी पोरं अशी आहेत. आंतरजिल्हा बदलीच्या यादीत नाव कधी लागेल याची वाट बघत ती माशाच्या वासाला सरावतात, आणि यादी लागेस्तोवर घरी आली की सोलकढी करून दाखवायला लागतात. उन्हाळ्याची सुट्टी असूनही तो तिथंच होता, कारण मास्तरांना करोनाची कामं लागली होती. मुंबईहून आलेले चाकरमानी शाळांच्या खोल्यांत विलगीकरणात होते, आणि त्यांच्या नोंदी ठेवणं त्याच्याकडे होतं.

२ जून, दुपारी १२. चोवीस तास आणि थोडं

डिप्रेशनचं चक्रीवादळ झालं आणि त्याला नाव मिळालं: निसर्ग. मुंबईच्या दक्षिण-नैऋत्येला चारशेच्या आसपास किलोमीटर.

हे नाव बांगलादेशनं दिलेलं. दोन आठवड्यांपूर्वी, २० मे रोजी, ‘अम्फान’ पश्चिम बंगालवर कोसळलं होतं. ते जुन्या यादीतलं शेवटचं नाव. नव्या यादीत १३ देशांची १६९ नावं होती आणि पहिलंच हे. बंगालीतला शब्द, पण आमच्या कानांना घरचा. मावशीनं, म्हणजे त्या मावसभावाच्या आईनं, टीव्हीवर ऐकून विचारलं, “हे निसर्ग म्हन्जे कोन्तं?” तिला वाटलं एखादं मंगल कार्यालय. आमच्या गावात त्या नावाचं एखादं असेलही.

वादळ उत्तरेकडे जात होतं, आता ते ईशान्येला वळणार होतं. म्हणजे थेट महाराष्ट्राच्या अंगावर. अरबी समुद्रातली वादळं बहुतेकदा ओमानकडे किंवा गुजरातकडे जातात, आपल्या किनाऱ्याला नुसती हूल देतात. म्हणून कोकणात वादळाची भीती असली, तरी त्या भीतीला सवय नव्हती. १९४८ च्या नोव्हेंबरातलं मुंबईचं वादळ फार म्हाताऱ्यांना आठवत असेल. २००९ चं ‘फयान’ कोळ्यांना चांगलं लक्षात होतं, पण ते नोव्हेंबरात आलं होतं, बोटी समुद्रात असताना. आता बोटी काठावर होत्या. कोळ्याची भीती निम्म्यावर आली. नारळी-पोफळीच्या आगरवाल्याला आपल्याला भ्यायला हवं हे अजून कळलं नव्हतं.

२ जून, रात्री ८. सोळा तास

मुख्यमंत्री उद्धव ठाकरे बोलले. दुसऱ्या दिवसापासून, ३ जूनपासून, टाळेबंदी हळूहळू उठायची होती. ‘मिशन बिगिन अगेन’ असं त्याचं सरकारी नाव होतं आणि ‘पुनश्च हरिओम’ हे मराठी. सत्तर दिवस घरात बसलेल्या माणसांना दार उघडायच्या आदल्या रात्री सांगावं लागलं, की अजून एक दिवस दार लावूनच बसा.

रायगडात कच्च्या घरांतली माणसं हलवायला सुरुवात झाली होती. एकट्या त्या जिल्ह्यात तेरा हजारांहून अधिक लोक हलवले गेले. आता हलवायचं म्हणजे शाळेत, आणि शाळेत तर विलगीकरण. भावाच्या शाळेला तीन खोल्या. एका खोलीत मुंबईहून आलेली कुटुंबं, दुसरीत आदिवासी वाडीवरचे लोक आणायचे ठरलं, तिसरीत शाळेचा तांदूळ. रात्री साडेनऊला तो फोनवर सांगत होता की, तांदळाची पोती टेबलांवर चढवली, दोन खोल्यांच्या मधल्या दाराला बाक लावले, आणि मास्क कमी पडले म्हणून बायकांनी पदरच लावायचे ठरवले. वादळापासून वाचायला जवळ यायचं आणि रोगापासून वाचायला लांब राहायचं, हे एका छपराखाली कसं जमवायचं, याचं परिपत्रक निघालेलं नव्हतं.

मावशीनं फोन हातात घेतला. “भाईर नको निंघू बापू. दारं लावून बस.”

“आई, दाराला कडीच नाही एका.”

३ जून, पहाटे ५.३०. सात तास

तीव्र चक्रीवादळ. मुंबईपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास.

मी गच्चीवर उभा होतो. मलकापूरचं आभाळ निरभ्र नव्हतं, पण काही घडतंय असंही नव्हतं. नागपूर-भुसावळ लाइनवरून एक मालगाडी गेली. मोबाईलवर वाऱ्याचा नकाशा उघडला तर कोकणासमोर एक गोल भोवरा, रंगीत, सुंदर. असं म्हणायला संकोच वाटतो, पण तो सुंदर होता. बोटानं मोठा करून त्यात म्हसळा शोधत बसलो.

सकाळी ९. साडेतीन तास

भावाकडची वीज गेली. पाऊस आडवा लागत होता. मोबाईलची बॅटरी ७० टक्के. “आता कमी बोलू,” असं म्हणून तो पंधरा मिनिटं बोलला.

तो आगरांबद्दल सांगत होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, पुढे खाडीपलीकडे वेळास, केळशी, आंजर्ले हा सगळा पट्टा म्हणजे समुद्राला लागून वाळू, वाळूमागे सुरूची बनं, आणि त्यामागे नारळी-पोफळीची आगरं, ज्यांत घर लपलेलं असतं. श्रीवर्धन हे पेशव्यांच्या भट घराण्याचं मूळ गाव, पण व्यापारी जगात त्याचं नाव ‘रोठा’ सुपारीनं आहे. पोफळ म्हणजे मनगटापेक्षा थोडं जाड, पन्नास-साठ फूट उंच, सरळ झाड. दाटीनं लावतात, हेक्टरी हजार-तेराशे. लावल्यावर सहा-सात वर्षांनी फळ देतं, पुढे बाप मरेपर्यंत आणि मुलगा म्हातारा होईपर्यंत देत राहतं. गावातले लोक सकाळपासून आगरात जाऊन नुसते उभे राहून परत येत होते, असं त्यानं सांगितलं. करण्यासारखं काही नव्हतंच. बोट ओढून घेता येते. कापसावर ताडपत्री टाकता येते. माणसं शाळेत नेता येतात. पोफळ कुठं नेणार?

११.४०. पन्नास मिनिटं

शेवटचा फोन. आवाज तुटत होता. “दादा, पत्रे—” एवढं ऐकू आलं. मग काहीच नाही.

मी पुन्हा लावला. आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती, वगैरे. ती बाई कुठल्याही वादळात त्याच सुरात बोलते.

१२.३०

जमिनीवर यायला सुरुवात. अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगर ते मुरूड या पट्ट्यात. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर, झोत त्याहून जोराचे. पुढचे दोन तास.

या दोन तासांचं माझ्याकडे काहीही नाही. घटनाक्रम लिहिणाऱ्यानं हे कबूल करायला हवं. ज्या दोन तासांसाठी बाकीचे सगळे तास मोजले, तेच कोरे आहेत, कारण ते सांगू शकणाऱ्यांचे फोन बंद होते. टॉवर पडले होते किंवा त्यांची वीज गेली होती. माझ्या मोबाईलवर मात्र वादळाचा डोळा म्हसळ्याच्या आसपासून सरकताना दिसत होता. जवळजवळ साडेचारशे किलोमीटरवर बसून मला भावाच्या डोक्यावरचं आभाळ दिसत होतं, पण त्याच्या डोक्यावर छप्पर आहे की नाही हे कळत नव्हतं.

टीव्हीवर मुंबई होती. गेट वे ऑफ इंडिया, मरीन ड्राइव्ह, रेनकोट घालून वाकलेले बातमीदार. अडीचनंतर मुंबईचा विमानतळ बंद झाला, वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद झाला, झाडं मोटारींवर पडली. तिकडे रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यावर ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज नांगर तुटून खडकांवर येऊन अडकलं, त्यावरच्या १३ खलाशांना उतरवलं. हे चित्र टीव्हीला मिळालं, कारण जहाज हलत नव्हतं.

पुढे भावानंच सांगितलं ते इथंच लिहितो, कारण घडलं ते या वेळात. वारा आधी डोंगराकडून आला. शाळेचे पत्रे एका टोकाकडून सुटायला लागले तेव्हा विलगीकरणातल्या खोलीचं दार त्यांनीच आतून उघडलं आणि सगळे, मुंबईचे आणि वाडीवरचे, एका भिंतीला लागून बसले. विलगीकरणाचा शिक्का मारलेले हात आणि न मारलेले हात, दोन्हींनी मिळून एक फळा डोक्यावर धरला होता. मग वारा थांबला. माणसं बाहेर आली. त्यानं सगळ्यांना ओरडून परत आत घातलं. त्याला डोळ्याबद्दल माहीत होतं, कारण चौथीला तो हा धडा शिकवत नसला तरी त्यानं तो वाचलेला होता. थोड्या वेळानं वारा पुन्हा आला, या वेळी समुद्राकडून, आणि पहिल्या फेरीत जे वाकलं होतं ते दुसऱ्या फेरीत मोडलं. पोफळी मोडताना काडेपेटीतल्या काड्या मोडाव्यात तसा आवाज येत होता, एकामागून एक, वारा कमी झाल्यावरही.

दुपारी ४. दीड तासानंतर

‘मुंबईवरचं संकट टळलं.’ वाहिन्यांचा सुटकेचा निःश्वास आमच्या दिवाणखान्यात ऐकू आला. मला मुंबईशी वैर नाही. कोट्यवधी माणसं वाचली तर आनंदच आहे. पण संकट टळत नाही, ते दुसरीकडे जातं, एवढं वाक्य त्या दिवशी कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मावशी देवापुढे बसली होती. “लागून रायला काय फोन?” दर दहा मिनिटांनी.

संध्याकाळ. सह्याद्री

घाट चढताना वादळाचा दम गेला. डोंगराला घासून वारा मोडतो, खाली पाणी नसल्यानं वाफ मिळत नाही. तरी जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ इथली पॉलिहाउसं फाटली, घरांवरचे पत्रे उडाले, खेड तालुक्यात घर कोसळून माणूस दगावलं. अलिबाग तालुक्यात उमटे गावात विजेचा खांब अंगावर पडून एकाचा जीव गेला होता. सगळे धरून आकडा सहापर्यंत गेला.

सहा. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशात आलेल्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती. मधल्या वीस वर्षांत जे घडलं ते या दोन आकड्यांमधलं अंतर आहे: रडार, उपग्रह, दर तीन तासांनी निघणारं बुलेटिन, आणि रात्री दारोदार फिरून माणसांना उठवणारे तलाठी, पोलीस पाटील, मास्तर. अंदाज बरोबर आला, वेळही बरोबर आली. मीही खात्याला नावं ठेवणाऱ्यांतला आहे, म्हणून हे लिहून ठेवतो. पण या सगळ्या यंत्रणेला फक्त पायांनी चालणारं वाचवता येतं. मुळांवर उभं असलेलं नाही.

पुढे सरकारनं भरपाई ठरवली. फळबागेला हेक्टरी अठरा हजार होते ते पन्नास हजार केले. मग ओरड झाली की कोकणात हेक्टर कुणाकडे आहे, गुंठे आहेत, तेही भावाभावांत वाटलेले. तेव्हा झाडावर आले: नारळाला २५० रुपये, पोफळीला ५०. आमच्याकडे गारपिटीनं हरभरा गेला की आम्ही कपाळावर हात मारतो, आणि तो मारायलाच हवा, पण पुढच्या जूनला तिफण पुन्हा चालते. पन्नास रुपयांत तेव्हा पोफळीचं एक रोप आलं असतं. त्यापुढची सहा-सात वर्षं कुठल्या रकान्यात लिहायची?

मध्यरात्र

चक्रीवादळाचं आता डीप डिप्रेशन झालं होतं, उत्तर मध्य महाराष्ट्रावर. ताशी पंचवीस-तीस किलोमीटर वेगानं ईशान्येला. नकाशावर बोट ठेवून मी तीच रेघ पुढे ओढली आणि बोट आमच्या जिल्ह्यावर आलं.

४ जून, पहाटे ५.३०

बुलेटिन: निसर्गचा अवशेष आता डिप्रेशन, स्थान पश्चिम विदर्भ आणि लगतचा भाग.

पश्चिम विदर्भ, तोही अकोल्याच्या अलीकडे, म्हणजे आम्हीच. गच्चीवर गेलो. गार वारा होता, ओल्या मातीचा, आणि भुरभुर. शेजारचे काका अंगणात उभे राहून तोंड वर करून पाऊस अंगावर घेत होते. “मस्त वातावरन झालं ना,” म्हणाले. समोरच्यानं कापसाच्या गाडीवर ताडपत्री ओढली आणि दोरी बांधता बांधता तोही हसला. जूनच्या पहिल्या आठवड्यात असा वारा आमच्याकडे येत नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा घराचं छप्पर तापलेलं नव्हतं.

सोळा-सतरा तासांपूर्वी ज्या हवेनं म्हसळ्याच्या शाळेचे पत्रे उचकटले, तीच ही हवा, एवढंच मला कळत होतं. मावशी माझ्यामागून वर आली. पदर सारखा करत तिनं हात पुढे केला, दोन थेंब घेतले आणि लगेच पुसले.

“तिकडूनच आलं काय हे?”

“हो.”

ती खाली गेली. त्या दिवशी तिनं घरात कुणाला ‘छान पाऊस आला’ म्हणू दिलं नाही.

दुपारपर्यंत अवशेष मध्य प्रदेशात गेला आणि खात्यानं त्याला फक्त ठळक कमी दाबाचं क्षेत्र म्हटलं. घटनाक्रम इथं संपतो, म्हणजे खात्याचा.

त्यानंतर

५ जूनला जागतिक पर्यावरण दिन होता आणि वटपौर्णिमाही. मुख्यमंत्री अलिबागला गेले, रायगडसाठी शंभर कोटींची मदत जाहीर झाली. ६ जूनला अनोळखी नंबरावरून मावशीला मेसेज आला: ‘ठीक आहे. काळजी नको.’ माणगावला सामान आणायला गेलेल्या कुणीतरी त्याच्या वतीनं पाठवलेला. मावशीला वाचता येत नाही, तिनं तो सगळ्यांकडून पाच वेळा वाचून घेतला.

वीज नव्हती, म्हणून विहिरीवरचे पंप नव्हते. जनरेटरवाल्याकडे पैसे देऊन मोबाईल चार्ज करत होते आणि रेंजसाठी टेकडीवर चढत होते. मेणबत्त्या मिळेनाशा झाल्या. आडव्या पडलेल्या झाडांखाली आगरं इतकी दाटली होती की आपल्याच घरामागे जायला करवत लागत होती.

त्याचा स्वतःचा फोन आला ११ जूनला. आम्ही सगळे स्पीकरभोवती जमलो. मावशी काही बोलेचना. मी विचारलं, कसा आहेस, काय खातोस. तो टेकडीवर होता, वाऱ्यानं आवाज फाटत होता. चार वाक्यांत त्यानं आठ दिवस उरकले. मोबाईल सुरू झाल्याबरोबर आठवड्याभराचे मेसेज एकदम कोसळले होते म्हणाला, आणि त्यात सगळ्यात जास्त आपल्या जिल्ह्याचेच. लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं ना त्या दिवसांत. देशभर तीच बातमी होती, तज्ज्ञ पाण्याचे नमुने न्यायला निघाले होते.

“दादा, खरंच गुलाबी झालं का रे?”

मी म्हटलं, हो, खरंच.

“कोणी गेलं का बघायला आपल्यातलं?”